वाढ रोखणारा तोतया

चाळिशीच्या आसपासच्या माणसाच्या बोटातली अंगठी निघेनाशी होते. चपलेचा नंबर आठवरून नऊवर, नऊवरून दहावर जातो. आवाज जाड होतो, घोरणे वाढते, हाताला मुंग्या येतात, घाम फार येतो, साखर आणि रक्तदाब दोन्ही वर सरकतात. प्रत्येक तक्रारीला वेगळे डॉक्टर आणि वेगळी गोळी मिळते. घरच्यांना चेहऱ्यातला बदल जाणवत नाही, कारण ते रोजच पाहत असतात. मग सात-आठ वर्षांनी भेटलेला एखादा नातेवाईक दारातच थबकतो आणि म्हणतो, ‘अरे, तू तर ओळखूच येत नाहीस!’

या आजाराचे नाव अ‍ॅक्रोमेगॅली. पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ पिअर मारी यांनी १८८६ मध्ये त्याला हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘अ‍ॅक्रॉन’ म्हणजे टोक आणि ‘मेगास’ म्हणजे मोठे. हात, पाय, नाक, जबडा अशी शरीराची टोके वाढत जातात, म्हणून हे नाव. आजार विरळ आहे. दहा लाख लोकांमागे साधारण ४० ते ७० जणांना तो असतो. पण निदान होईपर्यंत अनेकदा पाच ते दहा वर्षे निघून जातात आणि तोवर हृदय, सांधे, श्वसन यांचे बरेच नुकसान झालेले असते.

या विरळ आजारावरचे एक औषध मात्र वैद्यकातल्या एका वेगळ्याच कल्पनेतून जन्माला आले. शरीरातलेच संप्रेरक घ्यायचे, जनुकीय तंत्राने त्यात मोजके बदल करायचे आणि त्या बदललेल्या संप्रेरकाने मूळ संप्रेरकाचीच वाट अडवायची.

तोटी बंद होत नाही तेव्हा

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी असते. ती जी संप्रेरके बनवते त्यांपैकी एक वाढ संप्रेरक, म्हणजेच ग्रोथ हार्मोन. १९१ अमिनो आम्लांची ही माळ. ती रक्तातून यकृतापर्यंत जाते आणि यकृत तिच्या हुकमावरून आयजीएफ-१ नावाचे दुसरे संप्रेरक तयार करते. हाडे, कूर्चा आणि इतर ऊती वाढवण्याचे पुष्कळसे काम हे आयजीएफ-१ करते. त्याची पातळी पुरेशी झाली, की ते पीयूषिकेला ‘आता पुरे’ असा निरोप देते आणि वाढ संप्रेरकाचा स्राव कमी होतो.

पीयूषिकेत गाठ झाली की हा निरोप कोणी ऐकत नाही. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण ती संप्रेरक ओतत राहते. लहान वयात, हाडांची टोके जुळण्यापूर्वी असे झाले तर उंची बेसुमार वाढते. अमेरिकेतले रॉबर्ट वॅडलो २७२ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ फूट वाढले आणि १९४० मध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी गेले. मोठ्या वयात हाडांची लांबी वाढू शकत नाही. मग जाडी वाढते आणि होते ती अ‍ॅक्रोमेगॅली.

उपचारात पहिला मान शस्त्रक्रियेचा. नाकाच्या वाटेने जाऊन गाठ काढतात. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर कुशल हातांत बहुतेक रुग्ण बरे होतात. अडचण अशी, की उशिरा निदान झाल्यामुळे बहुतेकांची गाठ त्याहून मोठी असते. ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना बिलगलेली असली तर सगळी काढता येत नाही. मग ऑक्ट्रिओटाइडसारखी, संप्रेरकाचा स्राव दाबणारी इंजेक्शने देतात, काहींना कॅबरगोलिनच्या गोळ्या देतात. किरणोपचारही करता येतात, पण त्यांचा परिणाम दिसायला वर्षे लागतात.

या सगळ्या उपचारांचा रोख एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे गळणारी तोटी बंद करणे. काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रिया आणि इंजेक्शने दोन्ही करूनही ती बंद होत नाही. त्यांच्यासाठी दुसराच विचार करावा लागतो. संप्रेरक वाहते आहे तर वाहू दे, पण ते जिथे पोचून काम करते तिथेच त्याला अडवता येईल का?

उंदीर लहान का राहिले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोणी निघाले नव्हते. ते वेगळ्याच प्रयोगात हाती लागले.

१९८२ मध्ये रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या गटाने उंदराच्या बीजात घुशीच्या जातकुळीतल्या रॅटचे वाढ संप्रेरकाचे जनुक घातले होते. त्यातून जन्मलेले काही उंदीर आपल्या भावंडांच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे झाले. त्यांची छायाचित्रे जगभर गाजली. त्यानंतर अनेक प्रयोगशाळा एका प्रश्नाच्या मागे लागल्या. या संप्रेरकाचा नेमका कोणता भाग वाढ घडवतो?

ओहायो विद्यापीठातले जॉन कॉपचिक आणि त्यांचे विद्यार्थी वेन चेन हे गायीच्या वाढ संप्रेरकावर काम करत होते. या संप्रेरकाच्या माळेत स्प्रिंगसारखे चार पिळदार भाग असतात. त्यांतल्या तिसऱ्या पिळाची एक बाजू पाण्याशी सलगी करणारी, तर दुसरी पाण्यापासून दूर राहणारी आहे. फक्त ११७, ११९ आणि १२२ या क्रमांकांची तीन अमिनो आम्ले या मांडणीत बसत नव्हती. ती बदलून पिळाची घडी नीटनेटकी केली तर संप्रेरकाचे काय होते, हे त्यांनी पाहायचे ठरवले. जनुकातली अक्षरे बदलून त्यांनी ते नवे संप्रेरक बनवले. पेशींवर तपासले तेव्हा ते मूळ संप्रेरकाइतकेच घट्ट चिकटत होते. मग ते बदललेले जनुक उंदरांमध्ये घातले.

उंदीर मोठे झाले नाहीत. उलट ते भावंडांपेक्षा लहान राहिले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या शोधाचे मर्म याच वळणावर आहे. बदललेले संप्रेरक केवळ निकामी झाले असते तर हे उंदीर नेहमीच्याच आकाराचे झाले असते. त्यांच्या शरीरात त्यांचे स्वतःचे वाढ संप्रेरक होतेच की. ते लहान राहिले याचा अर्थ एकच निघत होता. नवे संप्रेरक नुसते निरुपयोगी नव्हते, ते उंदरांच्या स्वतःच्या संप्रेरकालाही काम करू देत नव्हते. १९९० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या कामातून कळले, की तीन बदलांपैकी ११९ व्या जागेवरच्या ग्लायसिनचा बदल एकटाच हे सगळे घडवतो. माणसाच्या वाढ संप्रेरकात हेच ग्लायसिन १२० व्या जागी असते. तिथे बदल केल्यावरही तसाच तोतया तयार झाला.

एका हाताने टाळी वाजत नाही

एका अमिनो आम्लाच्या बदलाने हुकूम देणारे संप्रेरक हुकूम अडवणारे कसे होते?

संप्रेरक आणि ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, यांचे नाते किल्ली आणि कुलपासारखे असते असे शाळेत शिकवतात. वाढ संप्रेरकाच्या बाबतीत ही उपमा अपुरी पडते. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी संप्रेरक ग्राहीला चिकटलेले असतानाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्यात संप्रेरकाचा रेणू एक होता आणि त्याला धरून असलेले ग्राही दोन. संप्रेरकाला दोन बाजूंना दोन पकडी असतात. पहिली पकड मजबूत आणि दुसरी त्या मानाने सैल. दोन्ही ग्राही योग्य रीतीने जवळ आले की पेशीच्या आतली जॅक-२ नावाची विकरे एकमेकांना जागी करतात आणि ‘वाढ’ हा संदेश आत जातो.

एका हाताने टाळी वाजत नाही, असे आपण म्हणतो. इथे ते अक्षरशः खरे आहे.

ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. ते १२० व्या जागी असल्यामुळे तिथे एक छोटी खाच राहते आणि दुसऱ्या ग्राहीचा भाग त्या खाचेत बसतो. ग्लायसिनच्या जागी लायसिनसारखे लांब अमिनो आम्ल आणले की खाच बुजते. पहिली पकड शाबूत राहते, दुसरी निकामी होते. तोतया ग्राहीला जाऊन चिकटतो, पण टाळी वाजत नाही. एसटीच्या सीटवर कोणी रुमाल टाकून जागा धरावी तसे हे आहे. प्रवासी बसलेला नसतो, पण खरा प्रवासी आला तरी त्याला ती जागा मिळत नाही.

या चित्रात पुढे एक दुरुस्तीही झाली. पूर्वी वाटत होते, की दोन ग्राही वेगवेगळे फिरत असतात आणि संप्रेरक त्यांना एकत्र आणते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या मायकेल वॉटर्स यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवून दिले, की ग्राही बरेचदा आधीपासून जोडीनेच असतात. संप्रेरक आले की त्या जोडीची मांडणी बदलते, आतले भाग एकमेकांपासून सुटतात आणि जॅक-२ जागे होते. तोतया आल्यावर ही हालचाल नीट होत नाही. म्हणजे दोन हात समोरासमोर होतेच, फक्त टाळीचा झटका लागत नाही. तपशील बदलला, पण औषधामागचे तत्त्व टिकून राहिले.

रेणूचे औषध होताना

लहान संप्रेरके रसायनशाळेत जोडून बनवता येतात. १९१ अमिनो आम्लांच्या माळेला मात्र जिवंत कारखाना लागतो. तो तयार होता. १९८५ पर्यंत खुज्या मुलांना मृत व्यक्तींच्या पीयूषिकेतून काढलेले वाढ संप्रेरक देत असत. त्यातून काहींना क्रॉइट्सफेल्ट-जेकब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे उघड झाले आणि तो वापर थांबला. त्याच वर्षी अमेरिकेत ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी वाढ संप्रेरकाला मान्यता मिळाली. ज्या तंत्राने वाढ कमी पडणाऱ्या मुलांना संप्रेरक मिळाले, त्याच तंत्राने आता वाढ रोखणारे संप्रेरक बनवायचे होते.

नुसता १२० व्या जागेचा बदल पुरेसा नव्हता. मूळ संप्रेरक रक्तात जेमतेम वीस मिनिटांत निम्मे होते. तोतया एवढ्या लवकर गेला तर रुग्णाला दिवसभर सुया टोचाव्या लागतील. म्हणून त्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या चार ते सहा लांब शेपट्या जोडल्या. त्यामुळे मूत्रपिंड त्याला झटकन बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सहा दिवस लागतात. पण शेपट्या पहिल्या पकडीच्या जागीच चिकटल्या तर तोतया ग्राहीला धरणार कसा? म्हणून पहिल्या पकडीच्या भागात आणखी आठ अमिनो आम्ले बदलली. त्यामुळे पकड अधिक घट्ट झाली आणि शेपट्यांना तिथे जागाही कमी उरली. एवढे करूनही शेपट्यांमुळे पकड काहीशी सैल होतेच. ती कसर संख्येने भरून काढतात. उपचार चालू असताना रक्तातले हे औषध मूळ संप्रेरकाच्या हजार पटींच्या घरात असते.

नऊ बदल आणि काही शेपट्या असलेल्या या रेणूचे नाव पेगव्हिसोमंट. २००० मध्ये ११२ रुग्णांवरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणांचे आयजीएफ-१ सामान्य पातळीवर आले. खोटे औषध घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होते. बोटांची सूज, घाम, थकवा कमी झाला आणि अंगठ्या पुन्हा सैल झाल्या. ही शेवटची गोष्ट खरोखरच मोजली गेली होती, कारण बोटाचा घेर हा या चाचणीतला एक निकष होता. नोव्हेंबर २००२ मध्ये युरोपात आणि मार्च २००३ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

नेहमीच्या वापरात मात्र यश इतके झळाळते राहिले नाही. अनेक देशांतल्या १,२८८ रुग्णांच्या नोंदींचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर त्यांतल्या सुमारे ६३ टक्के रुग्णांचे आयजीएफ-१ सामान्य होते. याचे एक मोठे कारण औषधात नाही, वापरात आहे. चाचणीत डोस नेटाने वाढवला जातो. रोजच्या व्यवहारात तपासण्या लांबतात, इंजेक्शने चुकतात आणि डोस आहे तिथेच राहतो.

कोणता आकडा पाहायचा?

या औषधाने डॉक्टरांची एक जुनी सवय मोडली. संप्रेरक जास्त असेल तर उपचार देऊन तेच संप्रेरक पुन्हा मोजायचे, ही सरधोपट पद्धत. पेगव्हिसोमंट सुरू केल्यावर रक्तातले वाढ संप्रेरक कमी होत नाही, उलट वाढते. आयजीएफ-१ कमी झाल्यामुळे ‘आता पुरे’ हा निरोप क्षीण होतो आणि पीयूषिका आणखी जोर करते. शिवाय औषध मूळ संप्रेरकासारखेच दिसत असल्याने प्रयोगशाळेच्या काही यंत्रांचीही फसगत होते. म्हणून इथे वाढ संप्रेरक मोजून काहीच कळत नाही. पाहायचे ते आयजीएफ-१. अहवालात वाढ संप्रेरकाचा चढलेला आकडा पाहून घाबरून औषध बंद करणे ही चूक ठरेल.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. हे औषध संप्रेरकाला अडवते, गाठीला हातही लावत नाही. रक्ताचा अहवाल उत्तम असताना गाठ तशीच असते आणि थोड्या रुग्णांमध्ये ती वाढते. डोळ्यांच्या नसा ज्या ठिकाणी एकमेकींना ओलांडतात ती जागा पीयूषिकेच्या अगदी वर आहे. गाठ तिथे टेकली की दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होते. म्हणून ठरावीक काळाने एमआरआय करावाच लागतो. यकृताच्या तपासण्याही सुरुवातीला नियमित कराव्या लागतात. सुई एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे चरबीचे गोळे होतात, म्हणून जागा बदलत राहावी लागते.

एक जमेची बाजूही आहे. वाढ संप्रेरक इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. तो अडथळा दूर झाल्यामुळे मधुमेह असलेल्या अ‍ॅक्रोमेगॅलीच्या रुग्णांची साखर या औषधाने अनेकदा सुधारते. मात्र हाडांची वाढ आणि जबड्याचा बदललेला आकार कोणत्याही औषधाने मागे जात नाही. मऊ ऊतींची सूज उतरते, हाड उतरत नाही. लवकर निदान व्हायला हवे ते याचसाठी.

पूर्ण अडवले तर?

वाढ संप्रेरकाचा दरवाजा जन्मापासूनच बंद असेल तर काय होते, याचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले आहे. इस्रायलचे झ्वी लारॉन यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेल्या आजारात ग्राहीच सदोष असतो. रक्तात वाढ संप्रेरक भरपूर असते, तरी माणूस खुजा राहतो. इक्वेडोरच्या दक्षिण भागात असे अनेक जण राहतात. हाइमे गेव्हारा-अगिरे आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या सुमारे शंभर जणांचा २२ वर्षे मागोवा घेतला. २०११ मध्ये त्यांनी लिहिले, की या लोकांत मधुमेह एकालाही झाला नाही आणि कर्करोग फक्त एकाला झाला. त्यांच्या नातेवाइकांमध्ये मात्र दोन्ही आजार होते.

त्यावरून हे संप्रेरक सगळ्यांनाच अडवून आयुष्य वाढवावे का, असा मोह होणे स्वाभाविक आहे. पण मोठ्या माणसालाही हे संप्रेरक लागते. ते फार कमी झाले तर स्नायू घटतात, चरबी वाढते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून अ‍ॅक्रोमेगॅलीतही आयजीएफ-१ शून्यावर आणायचे नसते, वयाला शोभेल तेवढे ठेवायचे असते. याच्या उलट टोकाला, शरीर कमावण्यासाठी व्यायामशाळांमधून वाढ संप्रेरकाची इंजेक्शने घेणारे तरुण असतात. पिळदार दंडांच्या आशेने ते सूज, सांधेदुखी आणि वाढती साखर विकत घेतात. दीर्घकाळ जास्त मात्रा घेतली तर गाठीशिवायच अ‍ॅक्रोमेगॅलीच्या दिशेने वाटचाल होते.

तोतयाची कल्पना इतर संप्रेरकांवरही आजमावली गेली आहे. दूध आणणारे प्रोलॅक्टिन हे वाढ संप्रेरकाचे जवळचे नातेवाईक. त्याच्या १२९ व्या जागेचे ग्लायसिन बदलले की तेही अडवणारे होते. स्तनाच्या कर्करोगासंदर्भात प्रयोगशाळेत त्यावर काम झाले, पण त्याचे औषध झालेले नाही. संप्रेरकात बदल करणे हा कामाचा पहिला टप्पा असतो. ते शरीरात टिकवणे, पुरेशा प्रमाणात पोचवणे आणि सुरक्षित ठेवणे हे टप्पे त्याहून लांबचे असतात.

ज्यांच्या घरी कोणाला मधुमेह, रक्तदाब, घोरणे आणि हातांना मुंग्या यांतल्या दोन-तीन तक्रारी एकदम आहेत आणि त्यातच अंगठी, चप्पल किंवा कवळी बसेनाशी झाली आहे, त्यांनी एक सोपी गोष्ट करावी. दहा वर्षांपूर्वीचा लग्नातला किंवा ओळखपत्रावरचा फोटो काढून आजच्या चेहऱ्याशेजारी धरावा. भुवयांवरचे हाड, नाक, ओठ, जबडा आणि दातांमधल्या फटी पाहाव्यात. फरक दिसला तर तो फोटो घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि आयजीएफ-१ची तपासणी करायची का, हे विचारावे. ही रक्ताची एक साधी तपासणी आहे आणि तिला उपाशीपोटी जाण्याचीही गरज नसते. निदान गाठ लहान असतानाच झाले, तर बहुतेकांचे काम शस्त्रक्रियेतच भागते आणि या तोतयाला बोलावण्याची वेळच येत नाही.